उसन्या गोळ्यांची परतफेड

आमची आत्या पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीत बसायची. "टोपी नाही? मग पाणीही नाही!" असं ती भल्याभल्या पहिलवानांना काचेआडून ऐकवायची. पण डॉक्टरांचं नाव काढलं की हीच वाघीण पार मांजर व्हायची.

तिला रक्तदाबाची गोळी कायमची लागलेली. चिठ्ठीची मुदत संपली की दवाखान्यात जायचं, दाब मोजायचा, वजन करायचं; मगच नवी चिठ्ठी. वजनकाट्याच्या नावानेच ती दवाखान्याची तारीख पुढे ढकलायची.

"डॉक्टर बोलत नाहीत गं काही, नुसते चष्म्यावरून बघतात. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या!" ती मला म्हणायची.

मग काय, चिठ्ठी संपली की ती वरच्या मजल्यावर, निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंकडे. दोघींची गोळी एकच.

"बाई, एक पाकीट द्या ना. करते परत."

"घे. पण कधीतरी दवाखान्याचं तोंड बघ, बये."

"बघते हो!"

एकदाची ती पाय ओढत गेली. दाब चांगलाच चढला होता. डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅमची गोळी दहाची केली. परतताना तिने आधी बाईंचं दार वाजवलं. कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही, हा तिचा बाणा. नव्यातलंच एक पाकीट तिने ऐटीत बाईंच्या हातावर ठेवलं. नाव तेच, म्हणजे गोळीही तीच! पुढचा आकडा ना हिने पाहिला, ना बाईंनी.

त्याच आठवड्यात बाई बाथरूमच्या दारात कोसळल्या. आत्यानेच त्यांना उठवलं, त्यांच्या गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि दवाखाना गाठला.

"पाचाचीच गोळी चालू आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, रोजचीच," खाटेवरून बाई पुटपुटल्या.

"मग दाब इतका उतरून चक्कर यायचं कारण वेगळं दिसतं. मेंदूची तपासणी करून घेऊ. उद्यापासून गोळी मात्र चुकवू नका."

दाखवायला म्हणून आत्याने पाकीट बाहेर काढलं आणि तिची नजर आकड्यावर गेली. दहा. कानशिलं तापली. पाकीट परत पर्समध्ये सरकवलं असतं, तर कुणाला काही कळलंही नसतं. तिने ते आत टाकून चेन अर्धी ओढलीही, मग पुन्हा बाहेर काढलं.

"डॉक्टर... ही दहाची आहे. माझी. मीच दिली त्यांना."

"तुमची गोळी यांना? का?"

"उसनी घेतली होती. ती... परत केली."

"गोळ्या उसन्या?" डॉक्टरांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. तिथे कुणीतरी फिसकन हसलं. "आणि हे कधीपासून?"

"पहिल्यापासून," आत्या फरशीकडे बघत म्हणाली. "मला इथे यायची लाज वाटायची."

"डॉक्टर, देणारी मी होते," बाई म्हणाल्या. "मलाही बोला."

"तुम्ही गप्प बसा हो बाई! माझ्यामुळे पडलात, वर माझीच बाजू घेताय?" आत्या रडकुंडीला आली.

डॉक्टरांनी बाईंची दहाची गोळी बंद केली, त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. दाब ताळ्यावर आल्यावर घरी सोडलं. निघताना आत्या दोन पावलं मागे राहिली.

"तिकडे काय उभी राहिलीस? खांदा दे, पाय लटपटतायत माझे."

आत्याने खांदा पुढे केला. बाईंनी निर्धास्तपणे सगळा भार तिच्यावर टाकला, आणि आत्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.