मास्तरांची शिस्त

मास्तर टायपिंगचे. त्यांची संस्था बंद पडून बरीच वर्षं झाली, टाइपराइटर भंगारात गेले, पण गल्लीत त्यांना अजून मास्तरच म्हणायचे आणि घरात तर काय, विचारूच नका. पाठ ताठ, कोपरं अंगाजवळ, नजर समोर. हा माणूस जेवायलासुद्धा तसाच बसायचा. संस्थेत त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कुणाच्या बापाला मोडू दिला नाही: तास संपला की मशीनवर झाकण. झाकण घातलं की मशीन झोपलं. मग त्यावर दप्तर ठेवा नाहीतर छत्री ठेवा, ते कुणाचं काही बिघडवत नाही.

घरातला कॉम्प्युटर सुनेचा. म्हणजे घराचाच, पण पोटापाण्याचं काम त्यावर तिचं. डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलून ठेवतात ते ती कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि टाइप करून पाठवायची. नवरा कारखान्याच्या कामाने सदा बाहेरगावी, पोर लहान, घरचं सगळं उरकून ही बाई कॉम्प्युटरपुढे बसायची. मग जेवायचं कधी? तिथेच, ताट मांडीवर घेऊन. मास्तरांच्या डोळ्यांत ते खुपायचं.

मास्तरांनाही रोज सकाळी पानभर टाइप केल्याशिवाय चैन पडत नसे. बोटं गंजतात म्हणे. पण हात पडला टाइपराइटरचा, एकेक बटण घणासारखं हाणायचे. सुनेच्या की-बोर्डचं एक बटण उखडून हातात आलं, तेव्हा मुलाने शहाणपणा केला आणि त्यांना स्वतंत्र, बिनवायरचा की-बोर्ड आणून दिला. कॉम्प्युटरच्या डब्याला मागे त्याचे निरोप पकडणारा, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा खोचला आणि सांगितलं, बाबा, काम झालं की या की-बोर्डच्या पोटाखालचं हे बटण बंद करत जा. मास्तरांना राग आला. मशीन कसं ठेवायचं ते मला शिकवू नकोस, म्हणाले. त्यांनी त्याला जाड कापडाची खोळ शिवून घेतली. टाइप झालं की खोळीत घालायचा आणि आपल्या खोलीत कपाटात ठेवून द्यायचा. वायर नाही म्हणजे संबंध नाही, इतका साधा हिशेब.

त्या दिवशी सकाळी मास्तरांनी आपलं कपाट आवरलं आणि दुपारी सुनेचा कॉम्प्युटर अडून बसला. चालू होता, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं, पण बटण दाबलं तर अक्षर उमटेना. माऊसने एक उघडायला जावं तर भलतंच काहीतरी व्हायचं. तिने बंद करून चालू केला. वायरी काढून परत लावल्या. फडक्याने पुसला, फुंकर मारली, शेवटी हातसुद्धा जोडले. पण छे! काम देणाऱ्या बाईंनी फोनवर गोड आवाजात बजावलं, की दवाखाना खोळंबलाय, उद्या संध्याकाळपर्यंत नाही आलं तर मी दुसरीकडे देईन. दुसरीकडे गेलेलं काम परत येत नाही, हे सुनेला चांगलं ठाऊक होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

नाक्यावरचा दुरुस्तीवाला आला. भला माणूस. त्याने स्वतःचा की-बोर्ड जोडून पाहिला, स्वतःचा माऊस जोडून पाहिला. ढिम्म. तो डोकं खाजवत असताना मास्तर दारात येऊन उभे राहिले. आता गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही.

"बिघडणार नाही तर काय होणार," ते त्याला म्हणाले. "खरकट्या हातांनी मशीनला शिवतात का कुणी? पण हिला तरी काय बोलायचं. आईनेच कधी वळण लावलं नाही."

सुनेची आई म्हणजे लोकांचे कपडे शिवून एकटीने पोरीला शिकवलेली बाई. सून आत गेली आणि स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला. दुरुस्तीवाल्याने भराभर वायरी सोडवल्या, डबा उचलला आणि दुकानात नेऊन बघतो म्हणाला.

आणि गंमत अशी, की दुकानात तो कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालला. रात्रभर चालू ठेवला तरी कुरकूर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हसत हसत डबा परत घेऊन आला, जोडला, आणि पुन्हा तेच. एक अक्षर उमटेल तर शपथ. दुरुस्तीवाला रडकुंडीला आला. माझ्याकडे चालतो आणि तुमच्याकडे चालत नाही, आता याला मी काय करू, म्हणाला. तोवर जेवणं उरकून गेली होती आणि संध्याकाळ काही लांब नव्हती. सून खुर्चीच्या पाठीला धरून नुसती उभी होती.

मास्तरांना ऐन वेळी चेव आला. थांबा, म्हणाले, माझा बोर्ड आणतो, तो तरी स्वच्छ आहे. हा टोमणा कुणाला होता ते सगळ्यांना कळलं. ते खोलीत गेले, कपाट उघडलं. काल आवरताना खोळ सगळ्यात खाली गेली होती. तिच्यावर लोकरीचे कपडे आणि त्यांच्यावर घरातली जुनी लोखंडी इस्त्री, हात भरून येईल अशी जड. मास्तरांनी इस्त्री उचलून खाली ठेवली. कपडे बाजूला केले.

बाहेर सून ओरडली, "चालला! बाबा, चालला!" पाठोपाठ बटणांचा खडखडाट.

मास्तर जागच्या जागी थिजले. मनात काहीतरी आलं, पण ते त्यांना पटेना. त्यांनी खोळीवर तळहात ठेवून दाबून पाहिलं. बाहेरचा खडखडाट थांबला आणि सून रडवेल्या आवाजात म्हणाली, गेला परत. मास्तरांनी हात उचलला. खडखडाट सुरू झाला. आता बोला! खोळीत झोपलेला, कपाटात कोंडलेला तो की-बोर्ड कालपासून भिंतीपलीकडून, इस्त्रीखाली दबलेलं एक बटण धरून बसला होता आणि कॉम्प्युटर बिचारा त्याचंच ऐकत होता.

खाली वाकून मास्तरांनी खोळीत हात घालून पोटाखालचं ते बटण बंद केलं. कान तापले होते. बाहेर जावं आणि सांगून टाकावं, हे त्यांना कळत होतं, कळत नव्हतं असं नाही. पण दार ओलांडेपर्यंत धीर सुटला. दुरुस्तीवाला म्हणत होता, काका, तुमचा पायगुण म्हणायचा, तुम्ही उठलात आणि चालू झाला. आणि सून, ती वेडी पोर, डोळे पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली. बाबा, म्हणाली, तुमचंच खरं असेल. काहीतरी सांडलं असेल आत आणि आता वाळलं असेल. यापुढे मी इथे खाणार नाही.

त्यावर मास्तर काय म्हणाले? "असू दे," म्हणाले. "होतं असं." मोठ्या मनाने. स्वतःचे शब्द स्वतःच्याच कानांवर पडले आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुरुस्तीवाला गेला. सून कामाला भिडली. मास्तर आपल्या खोलीत खाटेवर बसले, पेपर उलटा धरला असता तरी त्यांना कळलं नसतं. चाळीस वर्षं लोकांच्या चुकांवर लाल खुणा केल्या. चुकलं तर पान परत टाइप कर, सबबी सांगू नकोस, असं रडणाऱ्या पोरींनाही सुनावलं. आणि आज? आज चोरासारखं बटण बंद करून ते कपाट लावून आले होते. त्यांना स्वतःची किळस आली.

थोड्या वेळाने ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर सून ओट्याशी उभी राहून जेवत होती. जेवत कसली, बकाबक घास कोंबत होती, एक डोळा बाहेरच्या कॉम्प्युटरवर. त्यांना पाहून तिने घाईघाईने हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून. अर्धं ताट तसंच राहिलं. मास्तरांना ते बघवेना.

त्यांनी ताट उचललं आणि तिच्या मागोमाग जाऊन कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवलं. ती दचकली. नको बाबा, परत सांडेल, म्हणाली.

"काही सांडलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "माझा बोर्ड कपाटात इस्त्रीखाली दबला होता. त्यामुळे तुझा बंद पडला. मला मघाशीच कळलं आणि मी बोललो नाही."

सुनेने हेडफोन काढून गळ्यात घातला. आधी तिला समजेना. मग समजलं, आणि ती चक्क हसली. एवढ्यासाठी दोन दिवस दुरुस्तीवाल्याच्या नाकी नऊ आले, म्हणाली. काम वेळेत जाणार होतं, तिच्या डोक्यावरचा डोंगर उतरला होता. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तेही ओशाळं हसले आणि वळून जायला लागले. सुटलो, असं वाटलंच त्यांना, नाही कशाला म्हणायचं.

"बाबा," ती मागून म्हणाली. हसू गेलं होतं. "ते मशीनचं जाऊ द्या. दिवसभर माझ्या कानात डॉक्टर बोलत असतात. पण कालपासून मध्येच तुमचा आवाज येतो, आईला बोलल्याचा. तेवढं वाक्य रिवाइंड केल्यासारखं परत परत ऐकू येतं."

मास्तर तिच्याकडे बघू शकले नाहीत. चुकलो, असं ते म्हणाले, पण इतक्या हळू, की त्यांचं त्यांनाच ते पुरेसं वाटलं नाही. बोलले होते तेव्हा आवाज चांगला खणखणीत होता. समोर परका माणूस होता. आणि आता माफी मागायची ती भिंतीआड, पुटपुटून? त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

नाक्यावरच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. मास्तर पायरी चढून आत गेले, पाठ ताठ, पण चेहरा पांढराफटक. सगळ्यांदेखत त्यांनी इस्त्रीची गोष्ट सांगितली. एकजण फस्सकन हसला. दुरुस्तीवालाही हसला, कपाळावर हात मारून म्हणाला, अहो काका, त्यात काय एवढं, होतं असं. मास्तरांनी ते निमूटपणे ऐकून घेतलं. पण ते जागचे हलले नाहीत.

"अजून आहे," ते म्हणाले. "काल तुझ्यासमोर मी सुनेच्या आईला नावं ठेवली. ते मी खोटं बोललो. त्या बाईने पोरीला फार चांगलं वाढवलंय."

दुरुस्तीवाला स्क्रू ड्रायव्हर या हातातून त्या हातात घेत राहिला. मग त्यांना सोपं जावं म्हणून की काय, मान न उचलताच म्हणाला, "काका, मी काही ऐकलंच नव्हतं हो."

"ऐकलंस तू," मास्तर म्हणाले. "म्हणून तर आलोय."