टेबल उंच आहे

नवरा गेला तेव्हा विजयश्री रडली नाही. चाकणच्या रस्त्यावर ज्ञानेशच्या दुचाकीला कंटेनरची धडक बसली, गावाकडून सगळे धावत आले, कळंबहून भाऊही आला. बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "धक्का बसलाय, येईल भानावर," असं जो तो म्हणत होता. दिवस-कार्य आटोपलं. भाऊ म्हणाला, "चल माघारी." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तो दोन दिवस थांबला आणि एकटाच निघून गेला.

ज्ञानेश निघोज्याजवळच्या ज्या कारखान्यात होता, तिथे सीटच्या खालच्या लोखंडी चौकटी जोडायचं काम चाले. साहेबांनी माणुसकीने तिला त्याच लाईनवर घेतलं. ती गेली, कारण सकाळी उठून कुठेतरी जायचं होतं.

पहिल्याच दिवशी स्टोअरवाल्याने सेफ्टी बूट काढून दिले. ते पुरुषांच्या मापाचे होते. "ताई, याच्याखालचा नंबर येतच नाही," तो म्हणाला. खोलीवर येऊन तिने ज्ञानेशचे मोजे काढले आणि एकावर एक दोन जोड्या चढवून बघितल्या. तरी टाच आत सरकत होतीच. हातमोज्यांची बोटं पुढे लोंबायची आणि चष्मा नाकावरून घसरायचा.

पण खरी पंचाईत गनची होती. बोल्ट आवळायची हवेची गन टेबलावर वरून टांगलेली असते, ती खाली ओढून वापरायची. लाईनवरच्या पुरुषांना ती डोळ्यांसमोर यायची, विजयश्रीला डोक्याच्याही वर. ती चवड्यांवर उभी राहून गन ओढायची, टेबल छातीला लागत असल्यामुळे कोपर वर उचलून बोल्ट आवळायची आणि पुन्हा चवड्यांवर. शिफ्ट संपेपर्यंत हेच. महिन्याभरात उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. पुढे मुंग्याही थांबल्या आणि बोटं लाकडासारखी झाली.

ती हे कुणाला बोलली नाही. अंगच बधिर झालं होतं, त्यात हाताचं काय वेगळं, असं तिला वाटायचं.

घरमालकीण गोजाबाईंच्या मात्र ते नजरेत आलं. त्या मूळच्या निघोज्याच्या. जमीन गेल्यावर त्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. एका संध्याकाळी विजयश्रीच्या हातातून चहाची कपबशी सुटली आणि फुटली. ती नुसती तुकड्यांकडे बघत राहिली.

"भाजलं का गं?" गोजाबाईंनी विचारलं.

"काय की. कळालं नाही."

"कळालं न्हाई म्हंजी? गरम चहा पडलाय हातावर!" त्यांनी तिचा हात धरून नळाखाली नेला. "डागदरला दाखीव. आमी काय तुला रड म्हनत न्हाई, पर हात तर सांभाळशील का न्हाई?"

डॉक्टरांनी मान, खांदा, मनगट तपासलं. हात सारखे वर धरून काम करू नका म्हणाले. तिने गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर केले.

दिवाळीनंतर लाईनवर मोनिका नावाची नवी मुलगी आली. चणीने विजयश्रीहूनही लहान. चौथ्या-पाचव्या दिवशी गन ओढताना तिचा पाय ढिल्या बुटात मुरगळला. गन हातातून निसटून वर गेली आणि तिचा गाल टेबलाच्या कडेवर आपटला. लाईन थांबली. सुपरवायझर रविराज धावत आला. माणूस वाईट नव्हता, पण वरून उत्पादनाचा तगादा होता. गाल धरून बसलेल्या मोनिकाला पाणी देऊन झाल्यावर तो बाजूच्या माणसाला म्हणाला, "हिला पॅकिंगला टाका राव. उंची नाही, कशी करणार?"

"ती बुटकी नाही सर. टेबल उंच आहे," विजयश्री म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. पाणी संपलंय हे सांगावं तसं तिने सांगितलं. रविराजने वळून बघितलं. इतक्या महिन्यांत ती आपणहून पहिल्यांदाच बोलली होती.

"म्हणजे?"

"तुम्ही माझ्याएवढे व्हा आणि एक बोल्ट लावून बघा."

कुणीतरी हसलं. रविराज हसला नाही. तो गुडघ्यांत वाकला, विजयश्रीच्या उंचीएवढा झाला, हात वर करून गन ओढली आणि बोल्ट लावला. मग दुसरा. तिसऱ्याला त्याचं कोपर थरथरायला लागलं. तो उभा राहिला आणि मांड्या चोळत म्हणाला, "आधी का नाही बोललात?"

ती मोनिकाच्या पायातला ढिला बूट सोडवायला खाली बसली.

मेंटेनन्सच्या सोपानरावांनी गनची दोरी लांब करून दिली आणि पायाखाली ठेवायला पाइपांची चौकट जोडून वर पत्रा ठोकला. विजयश्री त्यावर उभी राहिली. टेबल कमरेशी आलं. दोनच दिवस टिकलं ते. दुसऱ्या शिफ्टचा हिंदुराव, साडेसहा फुटी माणूस, त्या चौकटीला अडखळला आणि त्याने ती उचलून भंगारात टाकली. वर लांबलेली दोरी त्याच्या तोंडावर येत होती.

"बायकांची सोय करताना आम्ही मरायचं का?" तो रविराजला म्हणाला.

"त्याचं बरोबर आहे सोपानकाका," विजयश्री म्हणाली. "त्याला पण वाकावं लागतंय."

सोपानराव कुरकुरले, पण पुन्हा कामाला बसले. आता चौकट टेबलाखाली सरकत होती. उंच माणूस आला की पायाने आत ढकलायची. दोरीला एक साधा हूक बसला, हवी तिथे अडकवायची. हिंदुरावने स्वतः ओढून, ढकलून बघितलं आणि मान डोलावली.

रविराजने बायकांसाठी वेगळे बूट मागवले, पण त्यांना वेळ लागला. विक्रेत्याने बायकांची मापं मागितली तेव्हा विजयश्रीने जेवणाच्या सुट्टीत खोक्याचे पुठ्ठे जमिनीवर पसरले. लाईनवरच्या, पॅकिंगच्या, झाडूवाल्या अशा सगळ्या बायका एकेक पाय ठेवत गेल्या आणि ती खडूने पावलांभोवती रेघ ओढत गेली. कुणाला गुदगुल्या झाल्या, कुणी भेगा लपवल्या. एकीचा अंगठा वाकडा होता, तिने मुद्दाम सांगितलं, "इथं जरा मोकळं ठेव गं." गुढीपाडव्याच्या सुमारास बूट आले. वाकड्या अंगठ्याच्या बाईला तेही टोचले, ते परत पाठवावे लागले.

विजयश्रीच्या हाताची बधिरता हळूहळू उतरली. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग ठणका लागला. ठणका येतोय म्हणजे हात सुधारतोय, असं डॉक्टर म्हणाले. बाकीची बधिरता होती तशीच होती. ज्ञानेशचा फोटो बघून अजून काही होत नव्हतं.

उन्हाळ्यात भाऊ पुन्हा न्यायला आला. या वेळी ती म्हणाली, "नको. सोमवारी नव्या मुली येणार आहेत, मला कामावर असायला पाहिजे." तिने त्याच्यासाठी ताट वाढलं आणि समोर बसून स्वतःही जेवली.