तोंड बघून दोर सोडणारी केशरबाई

देवगाव फाट्याच्या आसपास विहिरीचं काम निघालं की लोक केशरबाईची यारी बोलावतात. यारी म्हणजे विहिरीतले दगड वर ओढायचं आणि माणसं खाली सोडायचं यंत्र. नवऱ्याचा मणका गेला तसा बाईनं यारीचा दांडा हातात घेतला, त्याला बारा वर्षं झाली. "बाईच्या हाती जीव द्यायचा व्हय?" म्हणत मिशा पिळणारे गडी आता तिच्याशिवाय खाली उतरत नाहीत.

तिची एक रीत आहे. गडी बकेटीत बसला की ती त्याची थट्टा करते. "काय रे, बायकोनं भाकर दिली का हाकलून दिलं?" त्यानं उलट टोला हाणला तर दोर सुटतो. दात-ओठ खात गप्प राहिला, की "बकेटीतून उतर. आज वरचे दगड उचल." मग तो कुणी का असेना!

यंदा उन्हाळ्यात किशनरावांच्या विहिरीत पाच सुरुंग लावले. बार उडाले, गड्यांनी मोजले, पाच. धूर निवळायच्या आत किशनरावांची घाई सुरू, "चला, उतरा!" केशरबाईचा दीर जीवन म्हणाला, "मालक, जरा दम धरा." झालं! किशनराव चारचौघांत बोलले, "एवढं भ्या वाटतंय तर बांगड्या भर." आणि हे कुणासमोर? बांगड्यांच्या हातानं यारी चालवणाऱ्या बाईसमोर! जीवन लालबुंद झाला. पहार उचलून तरातरा बकेटीत जाऊन बसला.

"काय भाऊजी, कुण्या रंगाच्या आणू?" बाईनं विचारलं.

"सोडा, वैनी." बस्, एवढंच.

बाईनं इंजिन बंद केलं. "आज न्हाई."

"दुसरी यारी आणीन!" किशनराव कडाडले.

"आणा की खुशाल. पर ह्याला मी सोडायची न्हाई."

जीवनही उसळला, "वैनी, लोकांत माझी इज्जत घालवायलात तुमी!" लेकरासारखा वाढवलेला दीर तो. बोल काळजाला लागला, डोळे भरले, पण बाई जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीवन आला, बकेटीत बसला. तिनं तेच विचारलं.

"हिरव्या आणा, जोडीला मालकालाबी डझनभर!"

दोर सुटला. जीवन तळाला टेकला, एकेक दगड न्याहाळत चालला. आणि खालून हाक आली, "वैनी, वर घ्या! एक सुरुंग उडलाच न्हाई!" विहिरीत घुमलेला आवाज पाचवा बार म्हणून मोजला गेला होता. काल तो रागाच्या भरात उतरला असता, तर पहार नेमकी त्याच सुरुंगावर पडली असती.

जीवन वर आला, तेव्हाच बाईनं दांडा सोडला. किशनराव तिच्याजवळ आले.

"बाई, चारच बार वाजले हे तुला ठाऊक होतं, तर काल बोलली कामून न्हाईस?"

"कुठलं ठाऊक, मालक? मीबी पाचच मोजले होते. ह्याचं तोंड तेवढं मला बरं दिसलं न्हाई."