रुखवतातली मसोती

मी जात्याच भित्री. पाल चुकचुकली तरी माझा जीव खालीवर होतो. पण ही गोष्ट आईच्या भीतीची आहे, आणि आई कशालाच भीत नसे. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वर्षी आजोबांच्या कडेवर बसून गाव सोडलेली ती. साप निघाला तर शेजारचे पुरुष तिला हाक मारत. तिला भ्यालेली मी एकदाच पाहिली.

आम्ही तेव्हा पडेगावला राहत होतो. माझ्या मोठ्या बहिणीचं, ताईचं, लग्न सोयगावला ठरलं आणि आईनं रुखवताची तयारी सुरू केली. रुखवतात मांडायला तिनं मसोती शिवायची ठरवली. गरम पातेलं चुलीवरून उतरवायच्या फडक्याला आमच्यात मसोतं म्हणतात. एरवी ते कळकट चिंधीचं असतं, पण आईच्या मनात होती ती गोधडीसारखी, थरावर थर घालून शिवलेली.

आता, रुखवतात वापरलेलं कापड चालत नाही. नेसून विरलेल्या लुगड्याचा तुकडा त्यात गेला की अपशकुन, असं आमच्याकडच्या बायका मानत. म्हणून आईच्या पेटीतली मऊ सुती लुगडी पेटीतच राहिली आणि ती मला घेऊन शहरात ओळखीच्या शिंप्याकडं गेली. तिला कोरं कापड हवं होतं. शिंपीचाचांनी मशिनखालचं कातरणीचं पोतंच तिच्यापुढं ओतलं. त्या दिवसांत जो तो नायलॉन नाहीतर टेरिलीन शिवत होता. पोत्यातून नुसते मोरपंखी, राणी, लिंबी रंग सांडले. आई हरखून गेली.

वर रंगीत तुकड्यांची चांदणी, आत त्याच कातरणीचा जाड थर, कडेनं गोट, कोपऱ्याला अडकवायचा बंद. मी मदतीला बसायचे आणि माझा टाका पडला रे पडला की आई तो उसवायची. "टाका हाय का बैलाचं मुतणं?" म्हणायची. तिच्या हातचा टाका मात्र तांदळाच्या दाण्याएवढा, सरळ. लग्नात सगळ्या बायका मसोती हातात घेऊन उलटसुलट करून बघत होत्या, आणि मी जळत होते.

पाहुणे पांगल्यावर उरलेल्या कातरणीचं आईनं घरातही एक मसोतं शिवलं. पहिल्याच सकाळी ती स्टोव्हवरचं दुधाचं पातेलं उतरवायला गेली. मसोतं आक्रसलं. त्याचा काळा चिकट पाक झाला आणि तो तिच्या अंगठ्याला बसला. तिनं पातेलं टाकलं नाही. खाली ठेवलं, मग हात बादलीत घातला. चिकटलेलं निघालं ते कातडं घेऊनच. मी रडायला लागले. आई रडली नाही. बादलीत हात तसाच ठेवून ती म्हणाली, "पोरीकडं समदी असलीच हायेत."

त्या वर्षांत स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजल्याची बातमी वर्तमानपत्रात सारखी असायची. आईला मी पेपर वाचून दाखवायचे. ही बातमी आली की ती "पुढचं वाच" म्हणायची. त्या सकाळी न वाचलेल्या सगळ्या बातम्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. वडील म्हणाले, पत्र टाकू. आईनं ऐकलं नाही. पत्र सासरचं सगळं घर आधी वाचणार, मग पोरीच्या हाती पडणार. आणि लिहायचं तरी काय? दिलेलं रुखवत परत द्या? तसं मागणं म्हणजे लेकीला जन्मभर टोमण्यांची शिदोरी बांधून देणं. ती म्हणाली, जाऊन बघते, मग काय ते ठरवते. जुन्या लुगड्याच्या फडक्यात भाकरी बांधल्या आणि आम्ही दोघी निघालो.

एसटीत ती खिडकीशी बसली. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, आणि नजर त्या चिंधीवर. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरला. फर्दापूरला गाडी थांबली, लेणी बघायला आलेली माणसं हसतखेळत उतरली. आई उन्हाकडं बघून म्हणाली, "आता सैपाकाला बसली असंल." देवा, आजच्या दिवस तिला काही गरम धरू देऊ नकोस, असं मी मनात घोकत राहिले.

ताईच्या सासूबाई मनानं मोठ्या. अचानक आलो तरी कपाळाला आठी नाही. पाणी दिलं, आणि काही विचारायच्या आधी हौसेनं पुढच्या खोलीत नेलं. आरशाभोवती ओळीनं खिळे ठोकून त्यांनी सगळी मसोती भिंतीवर लावली होती. एकालाही काजळीचा ठिपका नव्हता. "विहीणबाई, असलं देखणं काम चुलीजवळ कोण नेईल?" त्या म्हणाल्या. "आल्यागेल्याला दाखविते मी."

आई मटकन खाली बसली. मला हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. इतका रस्ता आम्ही कशाला भीत आलो होतो?

तेवढ्यात ताई चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली. अंगावर सासरकडची नवी नायलॉनची साडी, आणि पातेलं धरलेलं त्याच साडीच्या पदरात. पातेलं ठेवून तिनं पदर सोडला तेव्हा त्याचा काठ दिसला. त्याला जागोजाग वितळून कडक झालेली भोकं पडली होती.

आईच्या ओठांवरचा रंग उडाला. वाटेत होती ती काळजी होती, भीती ही. तिनं हळूच विचारलं, "दुसरं काय नाय का धराया?"

"सांडशी मोडली," ताई म्हणाली. "मसोती भिंतीला. पदर हाय की."

आईनं भाकरीचं सुती फडकं सोडलं, झटकलं आणि ताईकडून सुईदोरा मागितला. फडक्याच्या घड्यांवर घड्या घातल्या, पण अंगठ्यानं सुई रेटेना. तिनं ते माझ्याकडं दिलं. तिच्यासमोर शिवायचं म्हणून मी श्वास रोखून सरळ, बारीक टाके घालू लागले. तिनं माझा हात धरला.

"वाकडं घाल," ती म्हणाली. "लई वाकडं. चांगलं झालं तर भिंतीला जाईल."

मी वाट्टेल तसे टाके घातले. सासूबाईंनी ते मसोतं बघितलं आणि मनापासून हसल्या. आई हसली नाही. तिनं ताईचा पदर तिच्या कमरेला घट्ट खोचला, मसोतं तिच्या हातात दिलं, भाजलेला अंगठा दाखवला आणि तिच्याकडून शपथ घेतली. मग गार झालेला चहा प्यायली.

परतीच्या एसटीत मला वाटलं, तिला झोप लागली. फर्दापूर मागं पडल्यावर तिनं डोळे न उघडताच विचारलं, "नीट वाकडं शिवलंस ना गं?"