डिसेंबरातला व्हाळ

मी पत्रकं वाचत वाढलो. वडील गिरणीत होते तेव्हा युनियनची पत्रकं आमच्या भांडुपच्या खोलीत कॉटखाली रचलेली असायची. अक्षरओळख मला त्यांच्यावरूनच झाली. त्यामुळे आमच्या गावमंडळाने कोकणातल्या गावच्या व्हाळावर बांध घालायचं ठरवलं, तेव्हा पत्रक मीच लिहिणार हे कुणाला सांगावं लागलं नाही. उन्हाळ्यात तो ओढा आटायचा आणि वरच्या आणि खालच्या, दोन्ही वाड्यांतल्या बायका डोंगरातल्या एका झऱ्यावर रांग लावायच्या. 'पाणी मागू नका, अडवा!' अशी माझी सुरुवात होती. मंडळाच्या अध्यक्षकाकांनी ती दोनदा वाचून घेतली.

मे महिन्यात आम्ही सगळे चाकरमानी गावी जमलो, चार दिवसांत पुलाखाली दगडमातीचा बांध घातला, त्यावर उभं राहून फोटो काढले. जूनच्या पुरात बांध वाहून गेला.

पुढच्या बैठकीला माझी चुलत बहीण आली. ती दहावीपर्यंत गावात वाढलेली, आता अंधेरीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. आमच्या बैठकांना बायका येत नसत. ती दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, "काकानूं, डिसेंबरात व्हाळ कोणी बघलो हा?"

कुणीच बघितला नव्हता. आम्ही जायचो गणपतीला आणि मे महिन्यात. व्हाळ आम्हाला एक तर फुगलेला माहीत, नाही तर कोरडा.

"पाणी उतराक लागला की अडवूचा असता. आणि पुलाकडे नाय. खय ता बायकांका विचारा."

"मगे तूच जा नि विचार," काका हसत म्हणाले.

ती खरंच गेली. डिसेंबरात रजा काढून गेली. लोकसहभाग हा शब्द मी चार पत्रकांत वापरला होता, तिच्या तोंडून तो मी एकदाही ऐकला नव्हता. ती गावी होती तेवढे दिवस मला लिहायला काही सुचलं नाही. तिचंही फसावं असं मला वाटत होतं. पाणी गावाचं होतं हे कळत असूनही वाटत होतं.

फसलं नाही. जागा बायकांनी दाखवली, मातीच्या गोणी रचून, मध्ये पाणी सोडायला लाकडी फळी बसवून बांध झाला. पण वरच्या वाडीजवळ पाणी अडलं तर आपल्याकडे थेंब येणार नाही, अशी खालच्या वाडीला भीती. ती अंगणाअंगणात जाऊन बसली. शेवटी बायकांनीच ठरवलं: बांधाची फळी दिवसाआड उघडायची, आणि ती उघडणार खालच्या वाडीतली बाई. सगळ्या पाळ्या कागदावर लिहून तिने आणल्या. मुंबईहून छापून आलेला कागद देवळात लागला की गावात तो कुणी मोडत नसे.

मी पत्रक लिहिलं. त्यात 'पाणी मागू नका, अडवा!' ही माझी जुनीच सुरुवात होती, 'मंडळाने बांध उभारला' होतं. पाळ्या मात्र एका ओळीत उरकल्या.

घाटकोपरच्या छापखान्यात तिने प्रूफ वाचलं. "बरा लिवलंस. पण फळी कोणी कधी उघडूची, ता खय?"

"जागा नाही उरली."

"तुझ्या पयल्या परिच्छेदाक उरली ती?"

मी प्रूफ माझ्याकडे ओढलं.

"वरच्या वाडीतले बाप्ये आताच म्हणतत, असा काय ठरलाच नव्हता," ती म्हणाली. "ह्या छापून नाय गेला तर फळी उघडाची नाय रे."

ती कामावर गेली. मी जुळाऱ्याला सांगितलं, पहिला परिच्छेद काढा, तिथे पाळ्या बसवा.

"ही ओळ कशाला काढता? झकास आहे," तो म्हणाला.

मी त्याला ती पुन्हा मोठ्याने वाचायला लावली, आणि मग काढायला सांगितली.

पुढच्या मे महिन्यात खालच्या वाडीत पाणी होतं. पत्रकात तिचं नाव मी घातलं नव्हतं. सुचलं नव्हतं असं नाही. तिने त्याबद्दल विचारलंही नाही, आणि मला त्याचाही हेवा वाटला.