व्हर्नाची होडी आधी आली होती

"खैरानला समुद्र नाही का?" कुवेतमधल्या अबू हलीफाच्या फ्लॅटमधून बॅगा उतरवतानाही नवरा विचारत होता. आहे की. पण मला एकदा कॅरिबियन बघायचंच होतं. लंडनमार्गे सेंट व्हिन्सेंट, तिथून कप्तानासकट भाड्याची शिडाची बोट. सोबत नवऱ्याच्या ऑफिसातले सामंत आणि त्यांची बायको. तुम्ही जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. खर्च वाटून घेऊनही भारताच्या दोन फेऱ्या सहज झाल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी मुक्कामाची खाडी अजून लांब असताना एक बाई वल्हं मारत आली. होडीत केळी, आंबे आणि चक्क आपला नीरफणस.

"मी व्हर्ना. उद्या धबधब्यावर मीच नेणार ना?"

इथला रिवाज कप्तानाने सांगितला होता: भर समुद्रात जो आधी गाठेल, गिऱ्हाईक त्याचं. मी हो म्हटलं. तिने हात हलवला, तशा मागून येणाऱ्या दोन होड्या मुकाट वळल्या.

सकाळी व्हर्नाच्या आधी इंजिनाची बोट हजर. चालकाच्या गळ्यात गाइडचं सरकारी कार्ड. सामंत खूश.

"वहिनी, याच्याबरोबर जाऊ. तिच्याकडे बताका तरी आहे का?"

बताका म्हणजे आमचं कुवेतचं ओळखपत्र. त्याशिवाय तिथे आमचं पान हलत नाही, म्हणून जगभर तेच मागत फिरायचं?

"भावजी, मी शब्द दिलाय."

"शब्द कसला? नुसतं हो म्हणालात."

"मग शब्द आणखी कसा देतात?"

एवढ्यात व्हर्ना आली. इंजिनाची बोट पाहून तिने वल्हं थांबवलं. "येणार नसाल तर आत्ता सांगा. बाकीच्या बोटींवरची गिऱ्हाइकं काल इतर होडीवाल्यांनी घेतली. माझ्याकडे तुम्हीच आहात."

"हट्ट करू नकोस," नवरा कुजबुजला. "पाय मुरगळला तर?"

"तर तुझ्या खांद्यावर येईन."

मी तिच्या होडीत उतरले. नवरा चपला हातात घेऊन मागोमाग आला. सामंत दांपत्य इंजिनाने गेलं.

खरं सांगायचं तर व्हर्ना एकदा वाट चुकली. गुडघाभर चिखलात नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"हा नेहमीच असा बघतो?" व्हर्नाने विचारलं.

"घरी जास्त."

धबधबा लहानसाच, पाणी मात्र झकास गार. तिने निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस मी दोनदा मागून घेतला.

परतल्यावर सामंत सगळ्यांना सांगतात, वहिनींनी उगाच रिस्क घेतली. मी तिच्यासाठी उतरले की त्यांना दाखवायला, हे मलाही नक्की सांगता येत नाही. दोन्ही असेल. तरी पुन्हा तेच करीन.

परवा आमच्या ग्रुपवर कुणीतरी तिथला गाइड विचारला. सामंतांनी लगेच कार्डवाल्याचं नाव दिलं. मी खाली लिहिलं: जी होडी आधी गाठेल तिच्याबरोबर जा. जायचं नसेल, तर मागच्या होड्या वळायच्या आत नाही म्हणा.