उजेडात धरलेला पापड

काल किराणा दुकानात एका बाईने सुटा पापड उचलून उजेडाकडे धरला, आणि मी, पन्नाशीचा बाप्या, तांदळाच्या पोत्यांआड सरकलो.

पापड असा पारखायची रीत आमच्या माईची, म्हणजे माझ्या आजीची. पलीकडचं बोट दिसलं तरच पापड पास. या एका कसोटीवर तिने साठ वर्षं पापडांचा धंदा केला आणि माझ्यासारखा जाडसर नातूही पास करून घेतला.

तिच्या तेराव्याला माझ्याकडे एकच काम होतं: तिच्याच कारखान्यातले पापड आणायचे. मी विसरलो. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकिटं आणली, माईच्या डब्यात ओतली आणि ऐटीत स्वयंपाकघरात नेली.

माईच्या हाताखाली जन्मभर पापड लाटलेल्या सखूबाईंनी एक उचलून खिडकीशी धरला. बोट दिसेना.

"माईचेच ना, दादा?"

"म्हणजे काय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कढईपाशी बसलेल्या बायकांकडे.

"तळा गं. माईचेच आहेत."

वाईट पापड सखूबाईंनी जन्मात तेवढा एकदाच पास केला.

दुकानातल्या बाईने मात्र तो पापड परत ठेवला. ती गेल्यावरच मी पोत्यांआडून बाहेर आलो.